दुसरी किल्ली

गेल्या जूनमध्ये आमच्या मधल्या खोलीत एक मुलगी भाड्याने राहायला आली. रसायनीकडच्या एका कंपनीत लॅबमध्ये नोकरी, शिफ्टची ड्यूटी, घर जळगावकडे. करारावर अंगठे झाले, डिपॉझिट आलं, मी नळ आणि मीटर दाखवला आणि किल्ली तिच्या हातात ठेवली. तिने ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, “काका, दुसरी?”

“ती माझ्याकडे असते. हरवली-बिरवली तर रात्री-अपरात्री कुठे जाशील तू?”

“मग मी माझं कुलूप लावते. तुमचं हे काढून ठेवा.”

बोलण्यात उद्धटपणा नव्हता. भाजी घेताना सुटे मागावेत तितक्या साधेपणाने ती बोलली. मी तोंडातल्या तोंडात “बरं” म्हणालो आणि घरी आलो. खरं सांगायचं तर राग आला होता. आमच्या चौक गावात, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला, आमच्या सहा खोल्या आहेत. माझ्या आजोबांनी दोन बांधल्या, वडिलांनी तीन वाढवल्या, एक माझी. एवढ्या वर्षांत हा प्रश्न कुणी तोंडावर विचारला नव्हता.

रात्री माळ्यावरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा खाली काढला. त्यात सदतीस किल्ल्या निघाल्या. काहींना पुठ्ठ्याचे तुकडे बांधलेले, त्यावर वडिलांचं बारीक अक्षर: ‘कोपरा’, ‘मधली’, ‘विहिरीकडची’, आणि प्रत्येकापुढे ‘दु.’ म्हणजे दुसरी. सदतीसांपैकी चार-पाचच आज कुठल्या कुलपाला लागतील. बाकीच्यांची कुलपं कधीच भंगारात गेली. ही दुसरी किल्ली आमच्या डब्यात आली कुठून, हे शोधायचं मी त्या रात्री ठरवलं.

सुरुवात शब्दांपासून केली, कारण शब्द घरबसल्या सापडतात. कुलूप अरबी ‘कुफ्ल’वरून आलं. फारशीतून मराठीत येताना त्याची अक्षरं जागा बदलून बसली. चावी पोर्तुगिजांची ‘शाव्ह’, कोकण किनाऱ्यावर उतरून देशभर पसरलेली. किल्ली मात्र आपली, संस्कृत कीलिकेची लेक, म्हणजे छोटी खुंटी. किल्ल्याशी तिचं नातं फक्त कानाला वाटतं. किल्ला अरबी ‘कलआ’चा. म्हणजे दाराला अरबी कुलूप, खिशात पोर्तुगीज चावी, आणि आजीच्या तोंडात संस्कृत किल्ली. टाळं हाही जुनाच शब्द, पण आपण तो घराला ‘लावत’ नाही, दुसऱ्याच्या घराला ‘ठोकतो’. कुलूप स्वतःचं आणि टाळं शत्रूचं, हा फरक कुणी शिकवला नाही, तरी सगळ्यांना कळतो.

कुलपाच्या आधी अडसर होता. भिंतीच्या पोकळीत सरकणारी लाकडी तुळई, संस्कृतात अर्गला, आपली आगळ. नवरात्रात सप्तशतीचा पाठ करणाऱ्यांना हे ठाऊक असेल: पाठाआधी म्हणायची तीन स्तोत्रं कवच, अर्गला आणि कीलक. चिलखत, आगळ आणि खुंटी. पोथी उघडायच्या आधी दाराचं सगळं सामान मोजून घेतात म्हणा ना.

अडसराची एक अट असते. तो आतूनच लागतो, म्हणजे घरात कुणीतरी माणूस हवं. बाहेरून घर बंद करायची गरजच मुळात अलीकडची. आमच्या भागातल्या ठाकर-कातकऱ्यांच्या कारवीच्या कुडाच्या घरांना ताटी असायची, काही पाड्यांवर आजही दिसते. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर निघाली की ती ताटी सुंभाने बांधून जायची. ती चोराला अडवायला नव्हे, गुराढोरांनी आत तोंड घालू नये म्हणून. मुक्ताबाईचे ताटीचे अभंग आपण शाळेत वाचतो. त्यातली ताटी ती हीच. आतला माणूस रुसून बसला तर बाहेरच्याने विनवण्याच करायच्या. ताटीला दुसरी किल्ली नसते.

आमच्या अंगणातून इरशाळगडाचा सुळका दिसतो, आभाळ स्वच्छ असेल तर त्यातलं नेढंही. त्याच्या कुशीतली इरशाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं बेपत्ता राहिली. वाचलेल्या कुटुंबांनी चौकाजवळ कंटेनरमध्ये दिवस काढले आणि पुढे सिडकोने त्यांच्यासाठी ४४ घरं बांधली. माळ्यावरून डबा काढताना त्या लोकांची आठवण आली. किल्लीवरून मी रागावलो होतो आणि माझं घर जागेवर होतं.

गडाचं नाव निघालंच आहे तर गडाच्या दरवाजाबद्दल सांगायला हवं, कारण किल्ली कुणाकडे असावी यावर मराठी मुलखात सगळ्यात कडक विचार तिथे झाला. मराठेशाहीच्या गडांवर संध्याकाळी दरवाजे लावायचे आणि सकाळी उघडायचे ते हवालदाराने, आणि जातीने. कुलूप लागलं की नाही ते स्वतः ओढून-ढकलून पाहायचं. किल्ल्या दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायच्या नाहीत, तो माणूस कितीही भरवशाचा असो. आणि हवालदारही एकटा नव्हे. सभासदाच्या बखरीत आहे की गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तीन सारख्या दर्जाचे अधिकारी नेमायचे, म्हणजे एक फितला तरी गड जात नाही. एकाकडे किल्ली, दुसऱ्याकडे पहारा, तिसऱ्याकडे हिशेब. घरमालक, वॉचमन आणि सोसायटीचा सेक्रेटरी यांची वाटणी आजही फार वेगळी नाही, फक्त पगार बदलले.

रायगडावरची हिरकणीची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे: दरवाजे लागले, तान्हं बाळ खाली, पहारेकरी दार उघडेनात, आणि ती कडा उतरली. आपण ही गोष्ट आईच्या मायेची म्हणून सांगतो. मला ती पहारेकऱ्याचीही वाटते. त्याने दार उघडलं असतं तर तो चांगला माणूस आणि वाईट पहारेकरी ठरला असता. किल्ली त्याची नव्हतीच, ती सांभाळण्याचा फक्त हुकूम होता. आणि गंमत अशी की सूर्यास्ताची ती वेळ कायद्यात अजून जिवंत आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६२ सांगतं की जप्ती घेऊन आलेला बेलिफ सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी कुणाच्याही राहत्या घरात शिरू शकत नाही. हिरकणीला जे दार बाहेर पडू देईना, तेच दार कर्जदाराला रात्रभर झोपू देतं.

चौकाला स्वतःला किल्लीची ओळख झाली ती रस्त्यामुळे. मुंबईहून होडीने पनवेल, तिथून चौक, खोपोली आणि बोरघाट चढून पुणं. १८३० मध्ये घाटात गाडीरस्ता झाला आणि साहेब लोकांची वर्दळ वाढली. आमचं गाव मुक्कामाचं. मे १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौकाला तळ ठोकून होता. तेव्हा हा मुलूख ठाणे जिल्ह्यात. समोरचा डोंगर पाहून त्याला वर जावंसं वाटलं. वन ट्री हिलच्या बाजूने चढला, रामबागच्या बाजूने उतरला, आणि माथेरान जगाला सापडलं. ठाकरांना ते आधीच सापडलेलं होतं, ती गोष्ट वेगळी. माथेरानवर चौक पॉइंट आहे तो आमच्या गावाकडे बघतो म्हणून.

माथेरानने एक नवी जात जन्माला घातली: वर्षातले काही आठवडे उघडणारं घर. पावसाळ्याआधी बंगले बंद करायचे, खिडक्यांना झावळ्यांचे झाप लावायचे, मालक मुंबईला, आणि किल्ल्या माळ्याकडे. मालक एकीकडे, किल्ली दुसरीकडे, आणि किल्ली ज्याच्याकडे त्याची त्या घरात झोपायची टाप नाही. आज कर्जत-खालापूरच्या शेतघरांमध्ये जे चाललं आहे त्याचे पणजोबा ते.

गावातल्या घरांत मात्र कुलूप घराच्या दाराला नव्हतं, घराच्या आत होतं. कोठीला, फडताळाला, तांदळाच्या कणगीच्या खोलीला. आणि किल्ल्यांचा जुडगा सासूच्या कमरेला. तो जुडगा सुनेच्या हाती कधी जातो यावर घराघरांत वर्षानुवर्षं युद्धं चालत. माझ्या आजीने आपला जुडगा आईला दिला तो आजारपणात, आणि त्यातलीही एक किल्ली काढून उशीखाली ठेवली. कशाची होती, कुणाला कळलं नाही. डब्यातल्या सदतीसांत तीही असेल.

आता गोदरेज. आर्देशीर गोदरेज हे पेशाने वकील. झांझिबारला एका खटल्यात खोटं बोलायला नकार देऊन ते परतले आणि वकिली सुटली. शस्त्रक्रियेची हत्यारं बनवायचा पहिला धंदा फसला. मग मुंबईतल्या घरफोड्यांची बातमी वाचून १८९७ मध्ये लालबागला गॅस कंपनीशेजारच्या शेडमध्ये त्यांनी कुलपं बनवायला घेतली. मोठे लोक तेव्हा विलायती कुलपं वापरायचे, चब्ब वगैरे. त्या विलायती कुलपांची अब्रूही १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनाच्या वेळी गेली होती. हॉब्स नावाच्या अमेरिकन कारागिराने चब्बचं ‘न उघडणारं’ कुलूप अर्ध्या तासाच्या आत उघडून दाखवलं.

आर्देशीरच्या पहिल्या कुलपांपैकी एकाचं नाव गॉर्डियन. हे मी वाचलं आणि डबा बाजूला ठेवून बसलो. गॉर्डियनला दोन किल्ल्या मिळायच्या. दोन्हींनी कुलूप लागायचं, दोन्हींनी उघडायचं. पण त्यातली एक किल्ली कुलपाच्या पोटातली मांडणी बदलू शकत असे, आणि तसं केलं की दुसरी किल्ली निकामी. नोकराकडे, गुमास्त्याकडे, भाडेकरूकडे एक किल्ली द्या. विश्वास उडाला की आपली फिरवा, त्याची मेली. तोंडाने काही बोलायला नको. सव्वाशे वर्षांपूर्वी लालबागच्या एका शेडमध्ये घरमालकाच्या मनातली गोष्ट पितळेत ओतली गेली होती. आजचं आकड्यांचं स्मार्ट लॉक मोबाइलवरून कोड बदलतं तेव्हा हेच करतं, फक्त त्याला सेल लागतात.

ही झाली श्रीमंतांची आणि पेढ्यांची गोष्ट. चाळीत उलट होतं. मुंबईच्या गिरणगावात गाळ्यात पंधरा-वीस माणसं, एक पाळी झोपलेली आणि एक कामावर. अशा खोलीला कुलूप लावायला सवडच नव्हती. बीडीडी चाळी विसाच्या दशकात उभ्या राहिल्या, एकशे साठ चौरस फुटांच्या खोल्या, लांब व्हरांडा, दिवसभर उघडी दारं. गावाला जाताना किल्ली शेजारी. शेजारीण तुळशीला पाणी घालणार, पोस्टमन आला तर पत्र घेणार. मालकाकडे किल्ली असण्याचा प्रश्नच नव्हता. मालकाचा माणूस महिन्याच्या महिन्याला भाड्याला यायचा आणि दारातून परत जायचा. त्या काळात मालकाचं हत्यार एकच, टाळं. गिरणीच्या मालकाने ठोकलं की त्याला टाळेबंदी म्हणायचे. हाच शब्द २०२० मध्ये आपण लॉकडाउनसाठी वापरला आणि गिरणगावातल्या म्हाताऱ्यांना त्यात वेगळंच ऐकू आलं असणार. त्या वर्षी एप्रिलमध्ये राज्याच्या गृहनिर्माण विभागाने मालकांना सांगितलं की किमान तीन महिने भाडं मागू नका, कुणाला घराबाहेर काढू नका. माझ्या दोन खोल्यांचं भाडं तेव्हा थांबलं. एकाने पुढे सगळं दिलं, एकाने नाही. दोघेही अजून नमस्कार करतात.

भाडेकरूला बाहेर काढू नये, ही कल्पना काही आजची नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात भाडं भरलेल्या माणसाला घालवून देणाऱ्या मालकाला बारा पण दंड आहे, आणि ‘जा’ म्हटल्यावरही चिकटून राहणाऱ्याला तेवढाच. शिवीगाळ, चोरी, मारामारी असेल तर मालकाला सूट. वर्ष पुरं व्हायच्या आत स्वतःहून घर सोडलं तर उरलेलं भाडं देऊन जायचं. आमच्या करारातली ‘लॉक-इन’ची अट वाचून मला आपण आधुनिक आहोत असं वाटायचं.

आणि इथे आमच्या डब्याची गोष्ट सुरू होते. महायुद्धाच्या काळात, १९१८ मध्ये, मुंबईत भाड्यावर पहिली बंधनं आली. मग १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा. भाडं गोठलं, भाडेकरू पक्का झाला, वारसाने पुढे चालू लागला. मालकाला घर परत मिळणं दुरापास्त. यातून दोन वाटा फुटल्या. एक पागडी: किल्ली हातात द्यायचे रोख पैसे. इंग्रजीत तिला सरळ किल्लीचे पैसेच म्हणतात; आपण डोक्यावरच्या पागोट्याचं नाव दिलं, म्हणजे ते इभ्रतीचं वाटावं. दुसरी वाट लिव्ह अँड लायसन्सची. भाडेकरू नव्हे, ‘परवानगीने राहणारा’. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातल्या परवान्याच्या व्याख्येला धरून वकिलांनी हा मार्ग काढला: जागेत हक्क निर्माण होत नाही, फक्त वापरायची मुभा मिळते.

पण कोर्टात प्रश्न यायचा: कागदावर परवाना लिहिलाय, पण ताबा कुणाचा? दिल्लीच्या इंपीरियल हॉटेलातल्या क्लोकरूममध्ये केशकर्तनालय चालवणाऱ्या आर. एन. कपूर यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९५९ मध्ये सांगितलं की कागदावरच्या नावाला भुलू नका, पक्षकारांचा खरा हेतू काय आणि जागेचा एकट्याचा ताबा कुणाला दिला ते बघा. करारावर लायसन्स लिहिलेलं होतं, कोर्टाने तो भाडेपट्टा ठरवला. मग मालकांचे वकील कामाला लागले. एकट्याचा ताबा नव्हता हे दाखवायचं कसं? करारात एक वाक्य घालायचं: जागेचा ताबा मालकाकडेच राहील, आणि एक किल्ली मालकाजवळ राहील.

झालं. दुसरी किल्ली कोर्टात दाखवायचा पुरावा म्हणून जन्माला आली. भाडेकरूची किल्ली हरवेल ही काळजी तिच्या मुळाशी नव्हती. इंग्लंडातले मालकही हीच युक्ती करत. तिथल्या अपील कोर्टाने १९९० च्या सुमाराला अस्लान विरुद्ध मर्फी या खटल्यात सांगितलं की किल्ली ठेवून घेण्यात जादू वगैरे काही नाही. ती कशासाठी ठेवली ते बघायचं. मालक रोज येऊन झाडलोट करत असेल, चादरी बदलत असेल, तर गोष्ट वेगळी. नुसती खिशात ठेवली तर तिने काही सिद्ध होत नाही.

आपल्याकडे आणखी एक तारीख आली, १ फेब्रुवारी १९७३. त्या दिवशी परवान्याने राहत असलेल्यांना कायद्याने भाडेकरू ठरवलं. मुंबईतल्या मालकांची धांदल उडाली आणि तिचे शिंतोडे आमच्यापर्यंत आले. रसायनीला हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सची स्थापना १९६० ची. कारखान्यांमुळे चौकात खोल्यांना गिऱ्हाईक आलं होतं. आजोबा नुसत्या तोंडी बोलीवर खोल्या द्यायचे, कुलूपही भाडेकरूचंच असायचं. वडील त्या वर्षी पनवेलला एका वकिलाकडे जाऊन आले आणि येताना बाजारातून चार कुलपं घेऊन आले. पुठ्ठ्यांवरचं ‘दु.’ तेव्हापासूनचं. म्हणजे जी रीत मी बापजाद्यांची समजत होतो, ती आमच्या घरात जेमतेम पन्नास वर्षांची, आणि तीही मुंबईच्या एका कायद्याला घाबरून आलेली. आमच्या गावाला तो कायदा लागू होता का, हे वडिलांनी वकिलाला विचारलंच नव्हतं.

आता १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आहे, ३१ मार्च २००० पासून. तो जिथे लागू आहे तिथे परवान्याची मुदत संपली की जागा परत मागायची सोय कलम २४ मध्ये स्वतंत्र दिली आहे. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची, हे कलम ५५. नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे ज्या भीतीने दुसरी किल्ली ठेवली ती भीती उरली नाही. किल्ली मात्र राहिली. आणि कलम २८ वाचण्यासारखं आहे: मालकाला जागा पाहण्याचा हक्क आहे, आधी सूचना देऊन आणि वाजवी वेळी. त्यात किल्लीचा शब्द नाही. दार वाजवायचं, एवढंच आहे. कलम २९ प्रमाणे पाणी-वीज तोडता येत नाही. आणि भांडण झालं म्हणून भाडेकरूच्या कडी-कोयंड्यात आपलं टाळं अडकवलं, तर १९६३ च्या विशिष्ट साहाय्य कायद्याच्या कलम ६ खाली तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मिळवू शकतो. घर कुणाच्या नावावर, हे कोर्ट त्यात विचारतही नाही.

आमच्याकडे ही दुसरी किल्ली प्रत्यक्षात वापरली गेली ती माझ्या हातून एकदाच. विहिरीकडच्या खोलीतलं कुटुंब गणपतीला गावी गेलं होतं. दाराखालून पाणी येताना दिसलं. त्या वर्षी पाऊस इतका की दार फुगून चौकटीत बसलेलं. कुलपावर सायकलच्या ट्यूबची टोपी घातलेली होती, तरी आत गंज. गोडेतेल सोडून, किल्ली फिरवून, खांदा लावून मी आत गेलो. मोरीतला नळ नीट बंद झाला नव्हता. नळ बंद केला, फडक्याने पाणी काढलं, देवासमोरचा पाट ओला होत होता म्हणून उचलून बाजूला ठेवला, दार लावून आलो. मनात म्हटलं, चला, उपयोग झाला.

ते लोक परत आले. तासाभरात त्या वहिनी दारात उभ्या. “भाऊ, आत कोण आलं होतं? पाट हललाय.” मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, “बरं झालं बाई” म्हणाल्या, पण नजर माझ्या हाताकडे होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवं कुलूप आणलं. माझा चेहरा पडला. त्यानंतर दोन दिवसांनी त्यांचे यजमान आले, खिशातून किल्ली काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “ही असू दे तुमच्याकडे. आम्ही सारखे गावी जातो.” ती किल्ली डब्यात आहे. तिच्या पुठ्ठ्यावर मी ‘दु.’ लिहिलं नाही, ‘दिलेली’ असं लिहिलं. त्या वेळी का तसं लिहिलं हे मला कळलं नव्हतं.

आता आमच्या पट्ट्यात किल्ली पुन्हा उलट्या दिशेने चालली आहे. चौकापासून कर्जतपर्यंत रस्त्याच्या आत वळलात की मुंबईकरांचे बंगले आहेत. मालक वर्षातून दहा-बारा दिवस येतो. किल्ल्या गावातल्या केअरटेकरकडे, तो बहुधा जवळच्या वाडीतला. एका ओळखीच्या पोराच्या कमरेला मी असा जुडगा पाहिला: तीन बंगले, एकोणीस किल्ल्या, प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा. निळा म्हणजे पंपाची खोली, लाल म्हणजे बेडरूम, पांढरा म्हणजे जनरेटर. मी विचारलं, तुझ्या घराला कुलूप कुठलं? तो हसला. “आमच्या घरात आय असते.” अडसराच्या काळातलं उत्तर, एकोणीस किल्ल्या कमरेला लावून दिलेलं.

पनवेल-कर्जत उपनगरी रेल्वेच्या कामाबरोबर भाव वाढले. वावर्ल्याचा अडीच किलोमीटरहून लांब बोगदा खणला गेला, चौक स्टेशनही त्या मार्गावर आहे. दलाल सांगतात की लोकल सुरू झाली की भाडं दीडपट. नवीन इमारतींत दारांना आकड्यांची कुलपं आहेत. मालक पुण्यात बसून मोबाइलवर बघतो की भाडेकरू किती वाजता आला. किल्ली ठेवून घेण्यापेक्षा मला हे जास्त आत शिरल्यासारखं वाटतं. दुसरी किल्ली निदान माळ्यावरच्या डब्यात झोपलेली असायची.

मधल्या खोलीतल्या मुलीने तिचं कुलूप लावलं. माझं मी काढून आणलं, पुठ्ठ्यावरचं ‘मधली – दु.’ फाडून टाकलं आणि दोन्ही किल्ल्या एकाच दोऱ्यात बांधल्या. बाकीच्या खोल्यांना दिवाळीच्या आत दुसऱ्या किल्ल्या देऊन टाकल्या. एकाने घेतल्या, एकजण म्हणाला “राहू द्या ना तुमच्याकडेच, काका”, आणि एकाने विचारलं, “अशा आणखी कुणाकडे नाहीत ना?”

एक विनंती आहे. मला गॉर्डियन कुलूप प्रत्यक्ष पाहायचं आहे. पनवेल-कर्जत-खालापूरकडे कुणाच्या वाड्यात, पेढीत, माथेरानच्या एखाद्या बंद बंगल्यात ते असेल तर कळवा, मी येऊन पाहीन, हात लावणार नाही. मात्र किल्ली एकच उरली असेल तर आधी फिरवून बघा, ती दोघींपैकी कोणती आहे ते.